शिफ्टची नोकरी सांभाळून जलरंगाला वेळ कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीला राहता, आयटी सपोर्टमध्ये शिफ्ट सारखी बदलते, कॉलेजात जलरंगात चित्रं काढायचात. आता दर रविवारी बसायचं ठरवता आणि रविवार घरच्या कामांत जातो.

मी ठाण्याची, नोकरी वाशीला, कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात. न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनर आत घ्यायची कट-ऑफ, म्हणजे शेवटची वेळ, ठरलेली असते. कागद अडकले की ती संध्याकाळ गेलीच. तरी माझी चित्रं चालू आहेत, म्हणून अगदी मनापासून सांगते, रविवारचा नाद सोडा.

जलरंगाला सलग तीन-चार तास हवेत असं आपण धरून चालतो, पण हे काम तुकड्यातुकड्यांत जास्त चांगलं होतं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायच्या आत दुसरा दिला तर खालचा रंग उचलला जातो आणि चिखल होतो. मोठ्या बैठकीत आपण एकतर कागद वाळायची वाट बघत बसतो, नाहीतर घाई करून चित्र घालवतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत तर कागद वाळता वाळत नाही. मग आज आकाश आणि डोंगराचा फक्त एक वॉश द्यायचा, उद्या सावल्या, परवा बारीकसारीक. एका वेळी वीस मिनिटं पुरतात, आणि वाळायचं ते तुम्ही शिफ्टला असताना वाळतं.

ही वीस मिनिटं कामाच्या आधीची हवीत. कामानंतरच्या वेळेवर ऑफिस कधीही हात घालतं. एखाद्या तक्रारीचं तिकीट बंद झालं नाही की संपलं. शिवाय रंग दिवसाउजेडीच नीट कळतात, ट्यूबलाइटखाली लावलेला हिरवा सकाळी भलताच दिसतो. रात्रपाळी असेल तेव्हा दुपारी उठल्यावर बसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मते छंद बुडतो तो मांडामांडीत. रंग शोधा, पाणी आणा, कागद चिकटवा, मग काय काढायचं याचा विचार करा, यातच वीस मिनिटं उडतात. घरात एक कोपरा असा ठेवा की तिथलं कोणी आवरणार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. कागद पाटीला टेपने चिकटवलेला, शेजारी रंगाची डबी आणि वॉटर ब्रश. या ब्रशच्या दांड्यातच पाणी भरलेलं असतं, दाबलं की केसांत उतरतं, त्यामुळे वाटी लागत नाही. आणि उठायच्या आधी कडेच्या टेपवर पेन्सिलीने लिहून ठेवा, ‘उद्या डोंगराची डावी बाजू, निळा जास्त’. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालायला लागतो. आठवडाभर एवढं एकच करून बघा, बाकी सगळं नंतर.

विषयासाठी वणवण करू नका. तुमच्याकडून पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसत असेल, महिनाभर तोच काढा. मार्च-एप्रिलमध्ये तो तपकिरी असतो, पाऊस लागला की हिरवागार. रंगही तीन-चारच ठेवा. अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळले की सुरेख करडा येतो, ढगांना, खडकाला, बिल्डिंगच्या सावलीलाही चालतो. पावसाळी हिरव्यासाठी गँबोज या पिवळ्यात किंचित प्रशियन ब्लू. डझनभर रंगांत निवड करण्यात जाणारा वेळ वाचतो आणि हे चार रंग हातात बसतात.

ट्रेनमध्ये स्केचिंग करा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये ऐरोली-रबाळेपर्यंत हात हलवायला जागा नसते, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. पुढे बसायला मिळालं तर समोरच्यांची डोकी पेन्सिलीने टिपायची, तेवढा सराव पुष्कळ.

पावसाळ्यात रंगाची डबी ओली असताना झाकू नका, रंगाच्या वड्यांवर बुरशी धरते. पंख्याखाली थोडा वेळ उघडी ठेवा, मग झाकण लावा.

सुरुवातीला ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, ए४ कागद घ्या, म्हणजे पाण्याने फुगणार नाही, आणि त्याचे चार सारखे तुकडे करा. पोस्टकार्डाएवढा तुकडा वीस मिनिटांच्या वॉशला बरोबर पुरतो. जुने रंग जवळ असतील तर फेकू नका. ट्यूबमध्ये कडक झालेला जलरंग ट्यूब कापून बाहेर काढला आणि पाणी लावलं की बहुतेक वेळा परत चालतो.