नवा बॉयलर लॉकआउट होतोय, दोष कुणाचा?

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही इंग्लंडात लेस्टरला जुन्या टेरेस (एका रांगेत जोडलेल्या) घरात राहतो. गेल्या महिन्यात जुना बॉयलर आणि गरम पाण्याची टाकी काढून 30 किलोवॅटचा कॉम्बी (टाकीशिवाय लागेल तसं पाणी तापवणारा गॅस बॉयलर) बसवला, तो आता वर बाथरूमच्या कपाटात आहे. हीटिंग मस्त चालतं, पण शॉवर सुरू असताना खाली कुणी हॉब (गॅसची शेगडी) पेटवला की पाणी कोमट होतं, कधीकधी बॉयलर लॉकआउट होऊन बंदच पडतो. फिटर म्हणतो मी गेज लावून बघितलं, गॅसचं प्रेशर 21 मिलिबार आहे, बॉयलरच खराब. बॉयलर कंपनीचा माणूस म्हणाला बॉयलर ठीक आहे, इनलेटला, म्हणजे गॅस बॉयलरमध्ये शिरतो तिथे, साडेपंधराच मिळतंय, गॅसचा पाइप बघा. पण बॉयलरखालचा पाइप तर नवा 22 एमएमचा आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या आहेत, त्यांना अर्ध्या आंघोळीत गार पाणी लागतं, जीव खालीवर होतो. कुणाचं ऐकायचं?

उत्तर: ताई, दोघांचेही आकडे खरे असणार, फक्त ते वेगवेगळ्या वेळचे आहेत. फिटरने बहुतेक सगळं बंद असताना मोजलं, आणि गॅस वाहतच नसेल तर पाइप कितीही बारीक असो, दोन्ही टोकांना प्रेशर सारखंच दिसणार. आपल्याकडे चाळीत नाही का, सगळे नळ बंद असताना वरच्या मजल्यावरही पाण्याला जोर असतो आणि खाली दोन नळ सोडले की वर धार करंगळीएवढी होते, अगदी तसंच. म्हणून मोजायचं ते शॉवर, हॉब सगळं फुल चालू ठेवून, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी, मीटरपाशी आणि बॉयलरच्या इनलेटला.

मीटरपाशी चालू लोडवर 19 ते 23 मिलिबार हवं. तिथेच कमी भरलं तर दोष रेग्युलेटरचा (मीटरजवळ गॅसचं प्रेशर ठरवणारा भाग) किंवा बाहेरच्या लाइनचा, ते काम गॅस सप्लायरला कळवून करून घ्यायचं, रेग्युलेटरचं सील तुमच्या फिटरने तोडायचं नाही. मीटरला नीट असेल तर तिथून बॉयलरपर्यंत प्रेशरमध्ये जास्तीत जास्त 1 मिलिबार घट चालते. समजा तुमच्या मीटरला साडेवीस आहे, तर तुमच्याकडे 5 मिलिबार घटतंय, हे फार म्हणजे फारच झालं.

माझा संशय फ्लोअरबोर्डखालच्या जुन्या 15 एमएम पाइपवर आहे. जुन्या बॉयलरला तो पुरत असेल, कारण टाकी सावकाश तापायची, पण कॉम्बीला गरम पाणी देताना तासाला साधारण 3 घनमीटर गॅस लागतो. 15 चा तांब्याचा पाइप 12 मीटर असेल तर 1 मिलिबारच्या घटीत त्यातून तासाला 1.3 घनमीटरच जातो. आणि प्रत्येक एल्बो (पाइपचं वळण) म्हणजे आणखी अर्धा मीटर पाइप धरायचा, हे हिशोबात घ्यायचं बरेच जण विसरतात. गॅस दुप्पट ओढला की घट साडेतीन-चारपट होते, म्हणूनच हीटिंगला काही जाणवत नाही आणि शॉवरला बोंब. शेवटचा दीड-दोन मीटर दिसणारा तुकडा 22 चा करून मागचा 15 चाच ठेवलेला मी कितीतरी घरांत पाहिलाय, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण बॉयलर निवडतानाच पाइपचा हिशोब करायचा असतो.

पण लगेच फरशी उखडायला देऊ नका. आधी बॉयलरखालचा आयसोलेशन व्हॉल्व्ह (गॅस बंद-चालू करायची चावी) पूर्ण उघडा आहे का ते बघायला सांगा, मग मधे जिथे टेस्ट पॉइंट (गेज जोडायची जागा) मिळेल तिथे मोजायला लावा. एका छोट्या तुकड्यातच मोठी घट दिसली तर तिथे अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, दबलेला पाइप किंवा आत अडकलेला कचरा असेल, आणि घट सगळीकडे थोडी थोडी पसरलेली असेल तर मात्र पाइपच बारीक आहे, मग मीटरपासून 22 चा, आणि हॉबचा फाटा जिथे फुटतो तिथपर्यंत कदाचित 28 चा टाकावा लागेल.

तुम्ही स्वतः एवढं करा, हॉब आणि हीटिंग बंद ठेवून गरम नळ फुल सोडा आणि मीटरचं रीडिंग 2 मिनिटांच्या अंतराने दोनदा लिहा. घनमीटरचं मीटर असेल तर फरक 0.1 च्या आसपास हवा, 0.07 वगैरे आला तर बॉयलरला पुरेसा गॅस मिळत नाहीये आणि हा आकडा तुम्ही फिटरला दाखवू शकता. स्क्रू, नट कशालाच हात लावू नका, ते काम गॅस सेफ रजिस्टर्ड (इथल्या अधिकृत गॅस कारागिरांच्या यादीतल्या) माणसाचंच.

त्याच फिटरला परत बोलवा. 1998 च्या गॅस सेफ्टी नियमांनुसार काम झाल्यावर चालू प्रेशर किंवा गॅसचा खप तपासणं त्याच्यावर बंधनकारक आहे. बॉयलरच्या पुस्तकात मागे बेंचमार्कचं पान (बॉयलर बसवल्यावरच्या तपासणीची नोंद) असतं, त्यात त्याने काय आकडा लिहिलाय ते वाचा, रकाना कोरा असेल तर तेच त्याच्यासमोर ठेवा.

आणि एक, मीटरजवळच्या मुख्य चावीसकट सगळं बंद असतानाही गेज खाली येत असेल तर ती घट नाही, गळती आहे. वास आला तर मीटरजवळची मुख्य चावी बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याची बटणंसुद्धा दाबू नका आणि बाहेर जाऊन गॅसच्या इमर्जन्सी नंबरला, 0800 111 999 ला, फोन करा. तोवर सासूबाईंच्या आंघोळीच्या वेळी हॉब लावू नका, आणि बॉयलर लॉकआउट झाला तर सारखा सारखा रिसेट करत बसू नका.