जनुक कमी दिसलं, म्हणजे ते रक्षकच होतं का?

प्रिय मुली,

तुझा मेल आणि आलेख पाहिला. यकृताच्या गाठींत तुझं जनुक शेजारच्या भागापेक्षा कमी आहे, म्हणून ते ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ रोखणारं जनुक, असं लिहून तू मोकळी झालीस. जरा थांब. (तो शेजारचा भागही अनेकदा सिरॉसिसचा असतो, अगदी निरोगी नव्हे.)

तुझं जनुक आठव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. यकृताच्या कर्करोगात ती भुजा सर्रास गळते, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं: तिथली निरुपद्रवी जनुकंही सोबत जातात. डीएलसी-१ हे जनुक तिथलंच. १९९८ साली ते सापडलं, तेव्हा तपासलेल्या १६ गाठींपैकी ७ मध्ये त्याचा डीएनए गळालेला होता. तरी खरा कस लागला २००८ मध्ये. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या संशोधकांनी उंदराच्या यकृताच्या पूर्वज पेशी घेतल्या, गाठ रोखणारं पी५३ नसलेल्या आणि वाढीला चालना देणारं मिक वाढवलेल्या. त्यांत डीएलसी-१ दाबलं आणि पेशी उंदरांत सोडल्या, तेव्हा गाठी फोफावल्या.

तू मात्र फक्त उलटी बाजू केलीस. जनुक परत घातलं, पेशी रंगवणाऱ्या क्रिस्टल व्हायोलेटच्या प्लेटवर जांभळे ठिपके विरळ झाले, की खूश! पण तुझा वेस्टर्न (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) बघ: घातलेल्या प्रथिनाचा पट्टा काळाकुट्ट, साध्या यकृतातला जेमतेम दिसणारा. एवढा भडिमार केला तर पेशी कशानेही मंदावतील. डॉक्सिसायक्लिन या औषधाने चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जनुकाची कळ, घे आणि पातळी साध्या यकृताइतकीच ठेव. सोबत निकामी प्रथिनही घाल. डीएलसी-१ पेशीचा आकार आणि हालचाल सांभाळणाऱ्या रो प्रथिनांना बंद करतं. त्यातलं ७१८ क्रमांकाचं अमिनो आम्ल, आर्जिनिन, बदललं की ते काम थांबतं. तसा बदल तुझ्या प्रथिनात शोध. निकामी प्रथिनानेही वाढ तितकीच रोखली, तर तुझी कारणमीमांसा गेली.

आणि पेशी कुठल्या वापरतेस? प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या वाणांपैकी हेपजी२ मध्ये पी५३ शाबूत, हेप३बीत नाहीच, हूह७त बिघडलेलं. एकीवरचा निष्कर्ष तिघींना लावू नकोस. त्यातही हेपजी२ मुळात हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे लहान मुलांत होणाऱ्या यकृताच्या गाठीची. 'निरोगी यकृत' म्हणून आणलेली एल-०२ तर आधी फ्रीझरबाहेर काढ. ती हेला निघाली आहे, म्हणजे तुलनेला तू गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन बसली आहेस. यकृताच्या कर्करोगाची म्हणून वापरली जाणारी एसएमएमसी-७७२१, तिचंही तेच.

उंदरांसाठीचा अर्ज तूर्त राहू दे. सोमवारी येताना पेशींची डीएनएवरून ओळख पटवणारा एसटीआरचा रिपोर्ट आण, मग नॉकडाउनचे, म्हणजे जनुक दाबण्यासाठी लागणारे, गाइड आरएनए आपण मिळून निवडू.

तुझा,
सर