पिंपळ तोडल्यावर मुंजा कुठे जातो?

तुमच्या भयपटातला आत्मा भिंतीतून आरपार जातो आणि पुढच्याच प्रसंगात चाकू उचलतो. हे नियम जुळवायला जुन्या धार्मिक काव्याचा आधार घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येतो. माझी एक पटकथा त्यानेच तरली.

तीन वर्षांपूर्वी मी एक लघुपट लिहीत होते. सदाशिव पेठेतला वाडा, मागच्या अंगणात पार बांधलेला पिंपळ, त्यावर मुंजा. मुंज झाली पण सोडमुंजीआधीच गेला, असा पोरगा. वाडा पाडून इमारत होणार, पिंपळ तुटणार. पहिल्या वाचनालाच मैत्रिणीने विचारलं, "झाड गेल्यावर हा जातो कुठे? आणि एवढा चिडलाय तर बिल्डरला सरळ मारत का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने मी नियम रचत राहिले आणि प्रत्येक नियम शेवटच्या वीस पानांत मोडत राहिला.

वाट दाखवली ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायाने. आजीच्या पारायणाची पोथी घरात होतीच. (तुमच्याकडे नसेल तर सार्थ प्रत पुण्यात अप्पा बळवंत चौकात सहज मिळेल.) वारा फुलातला वास उचलून नेतो तसा जीव देह सोडताना मन आणि पाच इंद्रियं बरोबर नेतो, असं गीता सांगते. ज्ञानेश्वर तेवढ्यावर थांबत नाहीत. अपमान झालेला अतिथी जाताना घराचं पुण्य घेऊन जातो, मावळता सूर्य लोकांचं पाहणंच घेऊन जातो, तसं हे जाणं आहे, असं ते म्हणतात. मी पोथी मिटून कितीतरी वेळ तशीच बसून होते. माझा मुंजा झाडाला बांधलेला नव्हताच, तो राहून गेलेल्या इच्छेला बांधलेला होता. आणि तो मारत नाही, नेतो. अपमान झालेल्या पाहुण्यासारखा. मग रक्त सांडायची गरजच उरली नाही. पिंपळ पडल्यावर बिल्डरच्या घरातून आधी फोडणीचा वास जातो, मग जिभेची चव, मग तिन्हीसांजेला दिवे लावूनही कुणाला नीट दिसेनासं होतं. माझा अख्खा शेवट त्या दोन-तीन ओव्यांतून आला.

म्हणून सांगते, या काव्यांतून मर्यादा उचला. भूत काय काय करू शकतं ते कुणीही सुचवेल. त्याला काय जमत नाही, हे या कवींनी फार बारकाईने ठरवलंय, कारण त्यांच्यापुढेही तुमचीच अडचण होती.

दान्ते घ्या. ज्ञानेश्वरांचा समकालीन इटालियन कवी. 'डिव्हाइन कॉमेडी' या काव्यात तो स्वतःच परलोकाचा प्रवास करतो, तोही 1300 सालचा, म्हणजे आळंदीच्या समाधीनंतर चारच वर्षांनी. त्याच्या नरकातल्या मृतांना चाळिशी लागल्यासारखं दिसतं. लांबचं भविष्य स्पष्ट, पण जवळ आलेलं किंवा आत्ता चाललेलं काहीच कळत नाही. आपला मुलगा अजून जिवंत आहे ना, हे तिथे एका बापाला दान्तेला विचारावं लागतं. 'आत्म्याला सगळं ठाऊक आहे, मग तो नायकाला सांगत का नाही' हा भयपटातला नेहमीचा घोळ इथे सुटतो. इंग्रज कवी मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्यात (1667) वेश पालटलेल्या सैतानाला देवदूतही फसतो, कारण ढोंग ओळखणं फक्त देवाला जमतं. तेवढ्या एका नियमावर कथानक उभं राहील.

तुमच्या चाकूपाशी मात्र खुद्द दान्तेही अडखळलाय. जुन्या मित्राच्या आत्म्याला मिठी मारायला जातो तर तीनदा हात रिकामेच छातीशी परत येतात. आणि त्याआधी नरकाच्या तळाशी, बर्फात रुतलेल्या एकाचे केस त्याने चक्क उपटलेले असतात!

दोन परंपरा मात्र कालवू नका. दान्तेच्या नरकातून सुटका नाही. आपल्याकडे स्वर्गसुद्धा पुण्य सरेपर्यंतच. कायमचा शाप घेऊन बसलेला मुंजा म्हणूनच उसना वाटतो. आणि अभंग म्हटला की भूत जळून पळालं, असं कृपा करून दाखवू नका. एकनाथांच्या भारुडातल्या भुतापुढे लिंबू, नारळ, कोंबडा, कुठलाच उतारा चालत नाही, कारण ते भूत म्हणजे सगळीकडे भरून राहिलेला देवच आहे. मांत्रिक हरतो तो प्रसंग लिहाल तेव्हा ते भारूड जवळ ठेवा.

आता तुमचा चाकू. पंधराव्या अध्यायात जीवाबरोबर जातात ते कान, डोळे, त्वचा, जीभ, नाक आणि मन. त्या यादीत हात नाहीत. हा मी पटकथेपुरता काढलेला अर्थ, पण तो धरलात तर तुमचा आत्मा भिंतीपलीकडचं ऐकेल, हुंगेल, मनात इच्छा धरेल. चाकू उचलायला त्याला घरातल्याच कुणाचा तरी हात लागेल. तो कुणाचा, आणि त्या माणसाच्या मनात ती इच्छा आधीपासून होती का, एवढं ठरवून मग तो प्रसंग पुन्हा लिहून बघा.