डॉलरवरचं देवाचं नाव आणि पहिली घटनादुरुस्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेची घटना सरकारला कोणत्याही धर्माची बाजू घेऊ देत नाही, मग तिथल्या प्रत्येक नोटेवर आणि नाण्यावर 'इन गॉड वी ट्रस्ट' म्हणजे 'देवावर आमचा भरवसा' कसं काय छापलं जातं? हे घटनाविरोधी नाही का, आणि कोणी कोर्टात गेलं तर जिंकेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देतो. जिंकणार नाही. १९७० पासून हा दावा वेगवेगळ्या अपील न्यायालयांत अनेकदा गेला आणि दर वेळी फेटाळला गेला. पण हे घटनेशी विसंगत आहे का, यावर माझं मत कोर्टांपेक्षा वेगळं आहे. आहे विसंगत. आणि कोर्टांनी ते नाकारताना जी कारणं दिली, ती नास्तिकांपेक्षा देवावर श्रद्धा असणाऱ्यांनी जास्त लक्ष देऊन वाचायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

हे शब्द देशाच्या स्थापनेपासून आहेत, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नाही. घटनेच्या मूळ मजकुरात देवाचा उल्लेखच नाही. उलट सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावायची नाही, असं सहाव्या कलमात स्पष्ट म्हटलंय. १७८२ च्या राजमुद्रेवरचं वाक्य होतं 'ई प्लुरिबस उनम', अनेकांतून एक. देवाचं वाक्य आलं यादवी युद्धात. नोव्हेंबर १८६१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या वॉटकिन्सन नावाच्या एका पाद्र्याने अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं. त्याची काळजी अशी, की हे प्रजासत्ताक उद्या कोसळलं तर पुढच्या शतकांतले संशोधक आपली नाणी पाहून आपल्याला देव न मानणारं राष्ट्र ठरवतील. चेस यांनी लगेच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला कळवलं, की लोकांचा देवावरचा विश्वास नाण्यावर जाहीर झाला पाहिजे. १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर ढालीच्या वरच्या फितीत हे शब्द पहिल्यांदा उमटले.

म्हणजे हेतू पहिल्या दिवसापासून धार्मिक होता आणि तो कुणी लपवलाही नव्हता.

नोटांवर तर हे शब्द त्यानंतर जवळजवळ शतकाने आले. माझ्याकडे एक डॉलरच्या दोन जुन्या नोटा आहेत, एक १९३५ च्या मालिकेतली सुरुवातीची, दुसरी १९५७ ची. पाठीमागची बाजू शेजारी शेजारी ठेवली की डावीकडे तोच पिरॅमिड आणि त्यावरचा डोळा, उजवीकडे तोच गरुड, मध्ये तसाच भला मोठा 'वन'. फरक एवढाच, की जुन्या नोटेवर त्या 'वन'च्या वरची जागा मोकळी आहे आणि नव्या नोटेवर तिथे 'इन गॉड वी ट्रस्ट' आहे. मधल्या काळात काय झालं, तर शीतयुद्ध. १९५४ मध्ये ध्वजप्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द घातले गेले, जुलै १९५५ मध्ये सगळ्या चलनावर हे वाक्य सक्तीचं झालं आणि १९५६ मध्ये ते राष्ट्रीय ब्रीद ठरलं. देव न मानणाऱ्या साम्यवादापेक्षा आपण वेगळे आहोत, हे जगाला दाखवायचं होतं. एका सरकारने आपण श्रद्धावान आहोत असं कायदा करून जाहीर करणं आणि 'धर्मस्थापनेसंबंधी कायदा करू नये' हे पहिल्या घटनादुरुस्तीतलं वाक्य, या दोन्हींचा मेळ मला तरी बसवता येत नाही.

मग कोर्टांनी तो कसा बसवला? १९७० च्या अ‍ॅरोनाउ खटल्यात नवव्या सर्किटने (सर्किट म्हणजे ठरावीक राज्यांसाठीचं केंद्रीय अपील न्यायालय) म्हटलं, की या वाक्याचा धर्मस्थापनेशी काही संबंध नाही. ते देशभक्तीचं, समारंभाचं वाक्य आहे. पुढच्या खटल्यांत बरीच वर्षं हाच निकाल आधाराला घेतला गेला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एका वेगळ्या खटल्यातल्या आपल्या विरोधी मतात अशा वाक्यांना 'समारंभी देववाद' म्हणता येईल असं सुचवलं. पुन्हा पुन्हा उच्चारून उच्चारून त्यांतला धार्मिक अर्थ झिजून गेला आहे, म्हणून ती चालतात.

इथे जरा थांबा. देवाचं नाव चलनावर ठेवता येतं, कारण त्या नावाला आता अर्थ उरलेला नाही. ज्याची देवावर खरी श्रद्धा आहे त्याने हे समर्थन आनंदाने स्वीकारावं का? मला हे त्या श्रद्धेचा अपमान वाटतं. आणि हे म्हणणारा मी पहिला नाही. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिल्पकार सेंट-गॉडन्स यांच्याकडून दहा आणि वीस डॉलरची सोन्याची नाणी नव्याने घडवून घेतली, तेव्हा हे वाक्य मुद्दाम गाळलं. पैशावर असं वाक्य घालणं ही देवाची अवहेलना आहे, पावित्र्यभंगाच्या फार जवळ जाणारी, असं त्यांनी पत्रात लिहिलं. लोक खवळले आणि मे १९०८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून वाक्य परत आणलं.

वाक्य अर्थहीन झालंय हे वस्तुस्थितीलाही धरून नाही. २००७ मध्ये अध्यक्षांची चित्रं असलेली एक डॉलरची नाणी निघाली. त्यांत हे वाक्य नाण्याच्या कडेवर कोरलेलं होतं, आणि वॉशिंग्टनच्या काही नाण्यांची कड टांकसाळीतून कोरीच बाहेर पडली. केवढी ओरड झाली! काँग्रेसने त्याच वर्षी कायदा केला आणि २००९ पासून वाक्य नाण्याच्या दर्शनी बाजूवर आलं. ज्या शब्दांत काही उरलेलंच नाही, ते कडेवर गेले म्हणून कायदा बदलत नाही कोणी.

आता सक्तीचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. न्यू हॅम्पशायरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा' अशा अर्थाचं ब्रीद असतं. जेहोवाज विटनेस पंथाच्या एका माणसाने आपल्या श्रद्धेला ते पटत नाही म्हणून झाकलं. दंड भरला नाही म्हणून पंधरा दिवस तुरुंगात काढले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: सरकार नागरिकाला आपल्या विचारांचा चालता फिरता फलक बनवू शकत नाही. मग नोटांचं काय, हा प्रश्न न्यायमूर्तींपुढे उभा राहिलाच. त्यांनी एका तळटीपेत तो मिटवला: नोट खिशात किंवा पाकिटात असते, हातोहात फिरते, ती लोकांना दाखवत हिंडावं लागत नाही. म्हणून नोट बाळगणारा तिच्यावरच्या वाक्याची जाहिरात करत नाही.

माझं म्हणणं असं, की नंबरप्लेट दिसते पण ती तुम्ही कुणाच्या हातात देत नाही. नोट मात्र प्रत्येक व्यवहारात आपल्या हाताने दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. जाहिरात नसेल, पण हस्तांतर आहे, आणि तेही कायद्याने ठरवून दिलेल्या एकमेव चलनाचं.

हा मुद्दा २०१८ मध्ये सहाव्या सर्किटपुढे आला. वादींमध्ये बहुतेक जण नास्तिक होते, पण एक ज्यू गृहस्थही होते. देवाचं नाव विनाकारण छापण्यात किंवा छापलेलं नष्ट होण्यात सहभागी होणं त्यांच्या धर्मात पाप आहे. नोट तर झिजते आणि शेवटी नष्टच केली जाते. श्रद्धेवर अनावश्यक भार टाकू नये असा १९९३ चा केंद्रीय कायदा आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला होता. कोर्टाने म्हटलं, की रोख पैसे वापरण्याची सक्ती कायदा करत नाही, म्हणून भार मोठा नाही. नास्तिकाचा दावा फेटाळला तर निदान 'तुला फक्त शब्द खटकतात' असं म्हणता येतं. या माणसाला काय सांगायचं? त्याची तक्रार देवाचं नाव असण्याबद्दल नव्हतीच, त्या नावाचं जे होतं त्याबद्दल होती.

त्याच वर्षी आठव्या सर्किटनेही असाच एक दावा फेटाळला, पण कारण बदललं. आता कसोटी इतिहासाची: प्रथा जुनी आहे ना, सक्ती नाही ना, मग चालेल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला, आणि २०२२ च्या केनेडी निकालानंतर (सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाचा खटला) तर इतिहासाचीच कसोटी पक्की झाली. म्हणून वर म्हटलं की जिंकणार नाही. पूर्वी 'यात धर्म उरलेला नाही' म्हणायचे, आता 'धर्म असला तरी परंपरा आहे' म्हणतात. दुसरं कारण निदान प्रामाणिक आहे. पण नोटांवरची ही परंपरा १९५७ ची आहे, पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची.

उरला मार्ग काँग्रेसचा. हे वाक्य साध्या कायद्याने आलं, साध्या कायद्याने जाऊ शकतं. घटनादुरुस्ती लागत नाही. पण नोव्हेंबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने हेच राष्ट्रीय ब्रीद असल्याचा ठराव पुन्हा केला, ३९६ विरुद्ध ९ मतांनी.

निकाल मुळातून वाचणार असाल तर १९७७ चा नंबरप्लेटचा, वूली विरुद्ध मेनार्ड, आधी घ्या. नोटांबद्दलचं सगळं पंधराव्या तळटीपेत आहे, मुख्य मजकुरात शोधत बसू नका.