आधी विक्री, मग कर्ज

सांगलीत वस्तीतल्या तरुण पोरांना छोटा धंदा शिकवायचं काम सुरू करतेयस, फार बरं वाटलं. पण पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात कर्जाचे फॉर्म देऊ नकोस. भडंग असो की बेदाणे, थोडा माल त्यांनी गणपती पेठेतून स्वतः घासाघीस करून आणावा, विश्रामबागेत विकावा, रोजचा हिशेब वहीत लिहावा. स्वतःची मजुरीही खर्चात धरायला लाव, नाहीतर तोटासुद्धा नफा वाटतो. घरचे आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवणं सगळ्यात अवघड. त्यावर बोलशील तेव्हा त्यांच्या आयांनाही बसव. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी हवीच. विक्री जमली की छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज बघा: ५० हजारांपर्यंत, विनातारण. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, मोफत असते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ देऊ नकोस.