ख्रिस्ती श्रद्धेनुसार माणूस जन्मतःच पापी असतो, म्हणजे त्याच्यात चांगलं काहीच नसतं का?

नाही, असा अर्थ होत नाही. बायबलची सुरुवातच उलट आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला स्वतःच्या प्रतिरूपात घडवतो आणि आपली सगळी निर्मिती 'फार चांगली' आहे असं त्याला दिसतं. आदाम-हव्वेचं पतन, म्हणजे देवाची आज्ञा मोडून पापात पडणं, त्यानंतरचं. म्हणजे चांगुलपणा मूळचा, बिघाड मागाहून आलेला.

हा बिघाड किती खोल, यावर मात्र ख्रिस्ती लोकांतच जुना वाद आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचा धर्मशिक्षक पेलेगियस म्हणायचा, माणूस ठरवलं तर स्वबळावर चांगलं वागू शकतो. त्याच काळातला बिशप ऑगस्टीन याचं म्हणणं, इच्छाशक्तीच दुखावलेली आहे, देवाच्या कृपेशिवाय जमणार नाही. इ.स. ४१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मसभेने पेलेगियसची शिकवण नाकारली. कॅथलिक शिकवणीत मानवी स्वभाव जखमी आहे, पण पूर्ण नासलेला नाही. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा आदामाकडून मृत्यू वारशाने आला असं मानते, त्याचा दोष नव्हे. कॅल्व्हिनवादी (सुधारक जॉन कॅल्व्हिनला मानणारे प्रोटेस्टंट) 'संपूर्ण भ्रष्टता' म्हणतात, आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो (माझाही होता). त्याचा अर्थ प्रत्येक माणूस कमालीचा दुष्ट असा नाही. बुद्धी, भावना, इच्छा यांपैकी काहीही पापाच्या स्पर्शातून सुटलेलं नाही, म्हणून माणूस स्वबळावर देवाकडे वळू शकत नाही, असा.

मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो कबूल करतो की जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि नको तेच होतं.