वैशाखातली उबवणी: पिल्ले कवचातच का मेली?

आर्वी तालुक्यातील एका बचत गटाच्या ताईंनी विचारले आहे: "आम्ही साठ अंड्यांचे उबवणी यंत्र घेतले. एप्रिलच्या मध्यात 56 गावरान अंडी ठेवली. 19व्या दिवशीच पिल्ले निघायला लागली, ती जेमतेम 11 निघाली. बाकीची फोडली तर बऱ्याच अंड्यांत पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले. यंत्रावर रोज सकाळ-संध्याकाळ 37.5 दिसत होते. दुपारी घरी कोणी नसायचे. यंत्र खराब निघाले का?"

ताई, यंत्र खराब नसावे. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: दुपारी घरी कोणी नसायचे.

घरगुती यंत्रात तापवायची सोय असते, थंड करायची नसते. आतले तापमान कमी झाले की बल्ब किंवा कॉइल सुरू होते आणि 37.5 अंशाला बंद होते. पण एप्रिल-मे मध्ये टिनाखालच्या खोलीत दुपारी 42 अंश झाले, तर कॉइल बंद असूनही यंत्राच्या आतले तापमान चढतच राहणार. त्यात 14-15 दिवसांनंतर अंड्यातले पिल्लू स्वतःही उष्णता सोडू लागते. पिल्ले 21व्या दिवशी निघायला हवीत. 19व्या दिवशी निघाली म्हणजे अंड्यांना उष्णता जास्त झाली, याची ती खूणच आहे. निघालेल्या पिल्लांची बेंबी नीट मिटलेली नसेल, तिथे रक्ताचा ठिपका असेल, तर ही खूण आणखी पक्की होते.

एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवावी. गर्भाला थंडीपेक्षा गर्मी लवकर मारते. तासभर तापमान 35 अंशांवर आले तर बहुधा पिल्ले थोडी उशिरा निघतील, एवढेच. पण काही तास 40 अंशांच्या वर गेले तर पूर्ण खेप हातची जाऊ शकते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की आपल्या भागात घरगुती यंत्राचा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंत. उन्हाळ्यात खेप घ्यायचीच असेल तर यंत्र टिनाच्या शेडमधून काढून मातीच्या भिंतीच्या किंवा स्लॅबखालच्या आतल्या खोलीत ठेवा आणि त्या खोलीत कूलर लावा. कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नका. खोली 30 अंशांच्या आत राहिली की यंत्र आपले काम नीट करते. कूलरमुळे कोरड्या हवेत दमटपणाही येतो आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तो फार उपयोगी पडतो.

दमटपणाकडे बहुतेकांचे लक्षच नसते. पहिले 18 दिवस आत 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के आर्द्रता हवी. हवा कोरडी राहिली की अंड्याच्या आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. त्याला वळता येत नाही आणि चोच मारून झाल्यावरही ते आतच मरते. उलट पाणी फार झाले तर पिल्लू फुगलेले आणि ओले-चिकट निघते. मेलेले पिल्लू कोरडे होते की ओले, हे तुम्ही लिहिले नाही, पण एप्रिलमधली खेप पाहता कोरडेच असावे असे वाटते.

यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यांवर विसंबू नका, अंडी वजन करून पाहा. किराणा तोलायच्या डिजिटल काट्यावर 20 अंडी ठेवा. सुरुवातीला 900 ग्रॅम भरली तर 18व्या दिवशी ती 790 ते 800 ग्रॅम असावीत, म्हणजे साधारण 12 टक्के घट. सातव्या दिवशीच 840 झाली असतील तर पाण्याचा ट्रे वाढवा. तापमानाचा आकडाही तपासून घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर अंड्यांच्या शेजारी ठेवला की पंखा असलेल्या यंत्रात 99.5 ते 100 फॅरनहाइट दिसायला हवे. पाऱ्याचा असेल तर प्रत्येक वेळी झटकून ठेवा.

उरलेली अंडी फेकण्याआधी फोडून पाहिलीत, हे फार चांगले केले. सगळ्यांनी तसे करावे. आत काहीच वाढ नसेल तर अंडे बहुधा फलित नव्हते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तगडा कोंबडा आहे का ते पाहा. (दुकानातली पांढरी अंडी कितीही उबवली तरी पिल्लू देणार नाहीत, त्या फार्मवर कोंबडाच नसतो.) आत नुसते रक्ताचे कडे दिसले तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मेला. उन्हाळ्यात याचे मोठे कारण म्हणजे यंत्रात ठेवण्याआधी अंडी टोपलीत गरम खोलीत पडून राहणे. अशा उष्णतेत गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो.

यावरूनच पवनी तालुक्यातून आलेला प्रश्न: जमवलेली अंडी फ्रिजमध्ये ठेवावी का? नाही, फ्रिज त्यांना फार थंड पडतो. एका मोठ्या कुंडीत ओली रेती भरा, त्यात कोरडे गाडगे बसवा, गाडग्यात अंडी रुंद बाजू वर करून ठेवा आणि वरून ओले फडके टाका. रेती ओली राहू द्या, अंडी मात्र कोरडी. उन्हाळ्यात चार दिवस, हिवाळ्यात सात दिवस, त्याहून जुनी अंडी खायला काढा. मळलेली अंडी पाण्याने धुऊन यंत्रात ठेवू नका.

दारव्ह्याच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न: लाईन गेल्यावर काय करावे? हिवाळ्यात झाकण बंद ठेवा आणि वरून घोंगडी किंवा पोते टाका, हवेची भोके मात्र मोकळी असू द्या. दोन-तीन तास निभतात. उन्हाळ्याच्या दुपारी याच्या अगदी उलट करा: झाकण थोडे उघडा आणि घोंगडी अजिबात टाकू नका. पंखा बंद पडला की आतली उष्णता कोंडते. 18व्या दिवसानंतर तर हे आणखी गरजेचे.

अंडी हाताने फिरवत असाल तर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून पाच वेळा फिरवा. विषम संख्या यासाठी की रोज रात्री तीच बाजू वर राहू नये. 18व्या दिवशी फिरवणे थांबवा. त्यानंतर झाकण उघडून पाहायचा मोह आवरा. चोच मारल्यावर बाहेर यायला पिल्लाला अख्खा दिवसही लागू शकतो. कवच सोलून मदत केली तर रक्त येते. निघालेली पिल्ले वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज तग धरतात.

आणि ताई, ती 11 पिल्ले पहिला आठवडा 35 अंशांच्या उबेत ठेवा. तुमच्याकडे आता दुपारी बल्ब लागणारच नाही, पहाटे मात्र लागेल. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून लांब पळाली तर गर्मी. पाच ते सात दिवसांची झाली की मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा नावाची लस डोळ्यात एक थेंब द्या. लस बर्फावर आणा, सकाळी उन्हाआधी द्या.